समाधानी ग्राहक

मीरा रोड (पूर्व),
दि. ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप पंढरीनाथकाकांना जितेंद्रचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत दुखतो, पण ड्युटी चालू आहे. आईनं तिळाचे लाडू केलेत आणि तुमचा डबा वेगळा भरून ठेवलाय. ममताकाकूंना नमस्कार सांगा.

दोन बिल्डिंग सोडून राहणारा पुतण्या पत्र लिहितोय, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे. तुमच्यासमोर बोलायला लागलो की माझा हात आपोआप गालाकडे जातो, तुम्ही त्या हाताकडे बघत राहता आणि मला बोलायचं असतं ते राहून जातं. लिहिताना हात कामात असतो. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि मग पक्कं केलं. बारावी न झालेल्या मुलाच्या पत्रातल्या चुका काढून तुम्ही विषय बदलू नये, म्हणून.

विषय बॅनरचा आहे.

तुमच्या मेडिकलला पंचवीस वर्षं होतायत, त्याचा मजकूर आणि फोटो तुम्ही धर्मेशभाईंच्या मोबाइलवर पाठवलेत ते मिळाले. नया नगरच्या त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर मीच बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. वर तुमचा मोठा फोटो, बाजूला ‘पंचवीस वर्षांचा विश्वास, आपले डॉक्टरकाका’, आणि खाली ‘आमचे समाधानी ग्राहक’ म्हणून चेहऱ्यांची एक रांग. तुम्ही डॉक्टर नाही, पण शांती नगरमध्ये सगळे तसंच म्हणतात, त्यामुळे तो शब्द मी बदललेला नाही.

आमच्याकडे बॅनरवरचा प्रत्येक चेहरा आधी साफ होतो. ते कुणी सांगावं लागत नाही. निवडणुकीला उभा राहणारा असो नाहीतर पहिल्या वाढदिवसाचं बाळ, डाग, तीळ, सुरकुती पुसायची आणि मगच खाली नाव टाकायचं. धर्मेशभाई गल्ल्यावरून ओरडतात, “जितू, चेहरा एकदम मख्खन चाहिए!” अर्ध्या मीरा रोडचे चेहरे मी मख्खन केलेत. ही नोकरी लागली तेव्हा गणपतीच्या आरतीला तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणालात ते मला पाठ आहे. “चला, आमच्या खड्डेरावाला खड्डे बुजवायचं टेंडर मिळालं!” ताम्हन हातात धरून सगळे हसले होते. बाबाही.

दुसऱ्या दिवशी मी जेसल पार्कला खाडीवर फिरायला गेलो होतो. आईनं शोधाशोध केली, तुमच्याकडेही फोन केला. तुम्ही म्हणालात, “जाईल कुठे? असेल कुठंतरी आरशासमोर.” असो.

तर त्या रांगेतला तिसरा फोटो माझा आहे.

निळा चौकड्यांचा शर्ट, मागे तुमच्या दुकानातलं बाटल्यांचं कपाट, वय सोळा. मी तो मोठा करून बघितला. पुसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. धर्मेशभाई मागून येऊन म्हणाले, “ये चिकना कौन है? मॉडेल है क्या?” मी म्हटलं, “मैं हूँ.” ते हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले.

म्हणजे तो फोटो अजून तुमच्या काउंटरच्या काचेखाली आहे. अजून तुम्ही त्यावर बोट ठेवून गिऱ्हाइकाला सांगता, “बघा, माझाच पुतण्या. आठवड्यात फरक.”

फरक पडला होता, हे मी नाकारत नाही. दहावीच्या वर्षात मला पिंपल्स आले, जसे वर्गातल्या निम्म्या मुलांना आले होते. आई मला तुमच्याकडे घेऊन आली. स्किनच्या डॉक्टरकडे नेऊ का, असं तिनं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “वहिनी, घरात दुकान असताना डॉक्टर कशाला?” आणि ती ट्यूब दिलीत. ट्यूबवर लाल रेघ होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, असा तिचा अर्थ असतो. आईनं विचारलं, ही रेघ कसली? तुम्ही म्हणालात, “लाल म्हणजे काय सिग्नल आहे का? आणि मीरा रोडला सिग्नलला थांबतं कोण?” आम्ही तिघेही हसलो. मीसुद्धा.

चेहरा आरशासारखा झाला. तेव्हा तुम्ही फोटो काढलात. पुढे ट्यूब थांबवली की गाल पेटायचे, म्हणून पुन्हा लावायची, जास्त लावायची. कातडी पातळ झाली, ऊन सोसेना, आणि आतून असे फोड आले की उशीला गाल टेकता येत नव्हता. तुम्ही म्हणालात, “तेलकट खात असशील.” मी भजी सोडली, शेंगदाणे सोडले, दूध सोडलं. तुमच्याकडून आणखी ट्यूब आणल्या. लॉकडाऊनमध्ये मास्क आले तेव्हा जगातला एकटा मीच खूश असेन. कॉलेज पुन्हा भरलं आणि सर म्हणाले, आता मास्क काढा, आम्हाला तुमचे चेहरे तरी कळू देत. मी काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच सोडलं. तुम्ही नातेवाइकांत सांगता, जितूला अभ्यास झेपला नाही. अकरावीची गुणपत्रिका आईकडे आहे, बघून घ्या.

हे सगळं मी गिळलं होतं आणि गिळूनच राहिलो असतो. पण काल तुमच्या अनुष्कानं मला तिचा फोटो पाठवला. “जितूदादा, गॅदरिंगला मी निवेदन करणारे. माझा फेस बॅनरवाल्यांसारखा करून दे ना, प्लीज. असा कुणाला दाखवू नकोस.”

मी तो मोठा केला. गाल भाजल्यासारखे लाल. कातडीखाली केसाएवढ्या बारीक शिरा. हनुवटीवर एकसारख्या पुटकुळ्या, कुणीतरी पेरल्यासारख्या. चौदा वर्षांची मुलगी आहे, वयानं येतात, असं दुसरा कुणीही म्हणेल. मला तो चेहरा ओळखीचा होता. मी विचारलं, काय लावतेस? ती म्हणाली, “पप्पांची स्पेशल.”

इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्ही जाणूनबुजून केलंत. पुतण्याच तर आहे, बघू लावून. पण स्वतःच्या मुलीला कुणी जाणूनबुजून देत नाही. म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही. पंचवीस वर्षांचा विश्वास, आणि ट्यूबमध्ये काय आहे ते माहीत नाही. यानं माझा राग उतरायला हवा होता. तो वाढला. जाणूनबुजून केलं असतंत तर निदान एकदा माझ्याकडे नीट बघून तरी केलं असतंत.

बॅनर शुक्रवारी मशीनवर चढेल. त्याआधी अनुष्काला बेव्हर्ली पार्कला डॉ. उर्मिला मॅडमकडे घेऊन जा. त्या स्किनच्या डॉक्टर आहेत. ट्यूब तिच्या हातातून हिसकावून घेऊ नका. ती कशी थांबवायची ते मॅडमच सांगतील. आणि काचेखालून माझा फोटो काढा. हे झालं नाही तर बॅनर मी माझ्या पद्धतीनं करीन. कसा, ते आत्ता सांगत नाही. तुम्हीही मला ट्यूबबद्दल कधी सांगितलं नव्हतंत.

आपला आज्ञाधारक,
जितेंद्र


मीरा रोड,
दि. ९ जानेवारी २०२५

ती. पंढरीनाथकाकांना नमस्कार.

लाडवांचा डबा न उघडता परत आला. मिळाला.

परवा तुम्ही दुकानात आलात, माझं पत्र धर्मेशभाईंच्या टेबलावर टाकलंत आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, “काय रे खड्डेराव, दोन बिल्डिंग सोडून राहतोस आणि पत्रं कसली पाठवतोस? सासरी गेलायस का?” मग म्हणालात, “पिंपल्स मलाही आले होते. गेले. मुलगी आहेस का तोंडाचं एवढं घेऊन बसायला?” आणि गल्ल्याकडे वळून म्हणालात, “धर्मेशभाई, लडके के दिमाग में भी पिंपल आ गया है.”

माझा हात गालावर होता. खाली घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही. ते तुम्ही बघितलंत आणि हसत निघून गेलात. जाताना म्हणालात, “बॅनर मख्खन पाहिजे हां.”

मिळेल.

संध्याकाळी आई म्हणाली, काकांची माफी माग. “मोठे आहेत रे. थोडं हसले म्हणून काय अंगाला भोकं पडली?” मग मी तिला ते सांगितलं जे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलंय तर आता तुम्हालाही सांगतो, कारण त्यात तुम्ही आहात.

आरतीच्या दुसऱ्या दिवशी मी खाडीवर फिरायला गेलो नव्हतो.

परत यायचं नाही असं ठरवून गेलो होतो. गर्दी होती, मुलं सायकली फिरवत होती, मी कठड्याजवळ मास्क लावून उभा. तेवढ्यात धर्मेशभाईंचा फोन आला. “जितू, किधर मर गया? वो बारसे का बॅनर में दादाजी के नीचे बच्चे का नाम लग गया है! पार्टी इधर खडी है!” म्हणजे पंचाहत्तरीच्या आजोबांखाली ‘चि. बाळराजे’ आणि पाळण्यातल्या बाळाखाली ‘आधारवड’. अशी चूक माझ्याच्यानं बघवत नाही. मी रिक्षा केली, दुकानात गेलो, नावं जागच्या जागी लावली. तोवर ती वेळ टळली होती. त्या दिवशी धर्मेशभाईंनी मला शिव्या घातल्या आणि चहा पाजला. का वाचलो, ते त्यांना आजही माहीत नाही.

आईनं सगळं ऐकलं.  मग तिनं तुमचा परत आलेला डबा उघडला आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. माफीचं नाव पुन्हा काढलं नाही.

उर्मिला मॅडमबद्दलही सांगतो. तुम्हाला वाटतं डॉक्टर काय वेगळं करणार, तीच ट्यूब लिहून देणार आणि फी घेणार. त्या दवाखान्याचा बोर्ड करायला आमच्याकडे आल्या होत्या. दुकानात उकडत होतं आणि एकटा मीच मास्क लावून होतो. त्यांनी विचारलं नाही. बोर्डचं डिझाइन बघितलं, म्हणाल्या, “अक्षर छान निवडलंस. तयार झाला की तूच घेऊन ये.” मी घेऊन गेलो तेव्हा म्हणाल्या, “वेळ आहे ना? बस.” मी मास्क काढला. मला वाटलं आता विचारतील, काय खातोस, दिवसातून किती वेळा तोंड धुतोस, हात लावतोस का? सगळे तेच विचारतात, जणू मी चोरी केलीय आणि कबूल होत नाहीये.

त्यांनी विचारलं, “याचा त्रास किती होतो? दुखण्याचा नाही, मनाला.”

मी मास्कची दोरी बोटाला गुंडाळायला लागलो. मग त्यांनी सोपे प्रश्न विचारले. सकाळी उठल्यावर पहिला विचार कसला येतो? मित्र आहेत का? आरशात बघतोस की टाळतोस? आणि मग, आवाज अजिबात न बदलता, “कधी जगणंच नको, असं वाटलं होतं का?” काका, हे मला आईनं विचारलं नाही, बाबांनी नाही, तुम्ही तर नाहीच. ज्या बाईंना मी फक्त बोर्ड द्यायला गेलो होतो, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या दचकल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंस. आत्ताही वाटतं का?” म्हणाल्या, आणि मी नाही म्हणेपर्यंत थांबल्या.

मग त्यांनी उजेडात माझा गाल बघितला. बोटांनी बघितला. कित्येक वर्षांत माझ्या गालाला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. कुठली ट्यूब लावत होतास, म्हणाल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समजावून सांगितलं की त्यात स्टेरॉइड असतं, त्यानं सुरुवातीला चेहरा उजळतो आणि मग असा बिघडतो. “यात तुझी चूक नाही. तुझ्या खाण्याची नाही, धुण्याची नाही, कशाचीच नाही.” मला त्यांनी खोटं सांगितलं नाही. खड्डे पूर्ण जाणार नाहीत, कमी होतील, वेळ लागेल. ट्यूब सोडली की आधी भडकेल, तेव्हा घाबरून परत लावायची नाही, सरळ दवाखान्यात यायचं, नंबर नसला तरी. त्यांच्याकडे शनिवारी एक समुपदेशक बसतात, त्यांच्याकडेही पाठवलं. आईला बोलावून सांगितलं, घरात त्याच्या चेहऱ्यावरून कुणी विनोद करायचा नाही, कौतुकसुद्धा नको. घरात तो नियम आईनं पाळला. तुम्ही घराबाहेरचे, त्यामुळे तुम्हाला तो लागू झाला नाही.

उद्या शुक्रवार. अनुष्काचा नंबर अजून लागलेला नाही, मी दवाखान्यात विचारून आलोय. फोटोही अजून काचेखालीच आहे, मी दुकानाच्या पायरीवरून बघितला.

एवढंच कळवायचं होतं.

जितेंद्र


मीरा रोड,
दि. १२ जानेवारी २०२५, रविवार

काका,

आज मी नमस्कार लिहीत नाही. समोर उभं राहून केलाच होता, तुम्ही घेतला नाहीत.

बॅनरबद्दल तुमची काही तक्रार असू नये. तुमचा चेहरा मी मनापासून मख्खन केला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढली, दातांवरचे तंबाखूचे डाग काढले, तुम्ही चाळिशीचे दिसत होतात. ग्राहकांचे चेहरेही साफ केले. फक्त तिसऱ्या चौकटीत मी एकाऐवजी तीन फोटो बसवले. पहिला माझ्या दहावीच्या हॉलतिकिटावरचा, त्याखाली ‘आधी’. दुसरा तुमच्या काचेखालचा, त्याखाली ‘नंतर’. तिसरा शुक्रवारी धर्मेशभाईंनी ट्यूबलाइटखाली काढला, मास्कशिवाय, आणि त्याच्यावर मी हात फिरवला नाही. त्याखाली लिहिलं, ‘आता’. आणि नाव, ‘जितेंद्र, डॉक्टरकाकांचा पुतण्या’. बाकी एक शब्द नाही. तुम्हाला शिवी नाही, आरोप नाही. फोटो काढताना धर्मेशभाई एकदा म्हणाले, “तेरा चाचा मेरा गिराक है, मालूम है ना?” मी म्हटलं, मालूम आहे. ते म्हणाले, “मैंने फाइल देखा नहीं. मैं चाय पीने गया था.” आणि खरंच चहाला गेले.

सकाळी तुमच्या दुकानासमोर मंडप होता, पेढे होते, अख्खं सेक्टर होतं. बॅनर लावणारा बबन शिडीवर चढला आणि त्यानं बॅनर सोडला. तुम्ही पेढ्याचं ताट घेऊन खाली उभे, वर बघून हसत. मग तुमची नजर खालच्या रांगेवर आली.

तुम्ही ओरडलात, “काढ! काढ आधी तो!”

बबन वरूनच म्हणाला, “काका, मना लावायला बोलावलंय, काढायला न्हाय.”

लोक हसले. पण तोपर्यंत बॅनर वाचून झाला होता. सी विंगच्या रुचिता वहिनी पुढे आल्या. बॅनरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पेढ्यांच्या रांगेत तुमच्यासमोरच उभा होतो, मास्क नव्हता, हात खिशात होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, “काका, काचेखालचा हा फोटो दाखवून माझ्या मनालीला गेल्या महिन्यात दिलीत ती हीच ट्यूब ना?” त्यांच्या मागच्या बाईनं पेढा ताटात परत ठेवला. तुम्ही म्हणालात, “सगळेच विकतात हो.” मोठ्यानं नाही. आरतीला बोलता तसं तर नाहीच.

आणि मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हाताकडे नाही, चेहऱ्याकडे. सगळा चेहरा बघितलात, डावा गाल, उजवा गाल, हनुवटी. मी तो हलवला नाही. लोक म्हणतात सूड घेऊन माणसाला बरं वाटत नाही. मला वाटलं. खोटं कशाला लिहू?

अनुष्का केव्हा येऊन माझ्या शेजारी उभी राहिली ते कळलं नाही. तिनं तोंडावर ओढणी घेतली होती. ‘आता’कडे बोट करून म्हणाली, “दादा, माझं पण असं होणार?” तुमच्या समोर म्हणाली. मी म्हटलं, “नाही. तुझं लवकर कळलंय. आणि तुला विचारणारं माणूस आहे.” ममताकाकूंनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. नंबर बुधवारचा मिळालाय, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा.

दुपारी तुम्ही स्वतः शिडीवर चढून बॅनर उतरवलात आणि ब्लेडनं फाडलात, असं बबन सांगत होता. हरकत नाही. फाइल माझ्याकडे आहे आणि मशीन माझ्या हाताखाली आहे. काचेखालचा फोटो अजून निघालेला नाही. तो आता राहू दे. ज्याला दाखवाल, तो विचारेल.

तुम्हाला माझ्याकडून एकच काम आहे. बुधवारी अनुष्काबरोबर काकूंना एकटं पाठवू नका. तुम्ही जा. मॅडम आधी तिला विचारतील की त्रास किती होतो, मनाला. ती काय सांगते ते ऐका. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा माझं कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या मनात काय असतं ते तुम्हालाही तिथेच कळेल. मग त्या पेन हातात घेऊन विचारतील, “ही ट्यूब कुणी दिली?” अनुष्का उत्तर देणार नाही. ती तुमच्याकडे बघेल.

मी बाहेरच्या बाकावर असेन. दार पातळ आहे, आतलं बोलणं बाहेर येतं. उत्तर मला ऐकू येईल एवढ्या आवाजात द्या.

तुमचा पुतण्या आणि पहिला समाधानी ग्राहक,
जितेंद्र